घरच्या घरी विजेवर: एका सोयीस्कर गैरसमजाचा प्रतिवाद

विजेवर चालणाऱ्या दुचाकींविषयी महाराष्ट्रातील शहरी, सुशिक्षित वर्गात एक मत इतके रुळले आहे की ते केवळ मत आहे, याचाच विसर पडावा. विजेची दुचाकी ही शोरूममध्ये जाऊन, हप्ते बांधून घरी आणण्याची वस्तू होय. घरातल्या सायकलीला किंवा मोटरसायकलीला मोटर आणि बॅटरी जोडून तिचे रूपांतर करणे हा धोकादायक, बेकायदा आणि शेवटी महागात पडणारा पोरखेळ होय. ज्याच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये, आणि ज्याच्याजवळ ती आहे त्याला असले उद्योग करण्याची गरज नाही. हे मत मांडणाऱ्यांचा सूर नेहमी काळजीचा असतो, आणि काळजीने सांगितलेली गोष्ट सहसा कोणी तपासून पाहत नाही, हा त्या सुराचा मोठाच लाभ. तपासून पाहिली तर मात्र या काळजीत माहिती थोडी आणि ग्राहकवृत्ती फार, असे आढळते.

विद्युत वाहन हे मुळातच कारखान्याचे अपत्य आहे, अशी या मतामागची गृहीत धारणा आहे. इतिहास नेमका उलट आहे. १८८१ साली पॅरिसच्या रस्त्यावर गुस्ताव्ह त्रुव्हे या संशोधकाने जे विद्युत वाहन चालवून दाखवले, ते इंग्लंडमध्ये बनलेल्या, पायांनी चालवायच्या तीनचाकी सायकलीला सीमेन्सची मोटर आणि पुन्हा चार्ज होणारी बॅटरी जोडून तयार केलेले होते. म्हणजे आरंभीच्या विद्युत वाहनांतले हे अग्रगण्य वाहन स्वतःच एक रूपांतर होते. १८९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन गावच्या ऑग्डेन बोल्टन यांनी मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे तारा जिथून निघतात त्या मधल्या गाभ्यात, मोटर बसवलेल्या आणि १० व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीचे पेटंट घेतले. आज बाजारात 'हब मोटर किट' म्हणून जे मिळते त्याची मूळ कल्पना तीच आहे. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षाला विजेच्या मोटरची जोड देण्याचे काम शोरूममधल्या विद्युत स्कूटरी झळकू लागण्याच्या कितीतरी आधी केले होते. आणि ज्या मुंबईत रूपांतर म्हटले की भुवया उंचावतात, त्याच मुंबईत सीएनजीचे किट बसवलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींनी वर्षानुवर्षे प्रवासी वाहिले. डिकीत दाबाखालच्या वायूची टाकी ठेवून धावणाऱ्या त्या गाड्यांत बसताना किती जणांनी पदवी विचारली?

आता आगीकडे वळायचे, कारण सर्वांत वजनदार आक्षेप तोच आहे. घरी केलेले रूपांतर पेट घेते, असे सांगितले जाते आणि पुरावा म्हणून जळणाऱ्या दुचाकीची चित्रफीत दाखवली जाते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या स्कूटरने पेट घेतल्याची जी चित्रफीत देशभर फिरली, ती स्कूटर कोणा हौशी माणसाने आपल्या गॅरेजात जोडलेली नव्हती. त्या उन्हाळ्यात लागोपाठ जळालेल्या आणि नंतर हजारोंच्या संख्येने परत मागवलेल्या स्कूटरी कारखान्यात बनून, तपासणी होऊन, वॉरंटीसह विकल्या गेल्या होत्या. केंद्र सरकारला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली आणि बॅटरीसंबंधीचे एआयएस १५६ हे मानक कडक करून डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू करावे लागले, ते या कारखानी गाड्यांमुळे. म्हणजे गुन्हा कारखान्याच्या दारात घडला आणि फिर्याद मात्र गल्लीतल्या फिटरवर दाखल झाली.

आगीचे कारण समजून घेतल्यास हा आक्षेप कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, ते स्पष्ट होते. लिथियम-आयन बॅटरी ही अनेक लहान सेलची बनलेली असते. प्रत्येक सेलचा नाममात्र दाब ३.६ व्होल्टच्या आसपास असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. त्यापलीकडे चार्ज केल्यास, किंवा आतल्या आत शॉर्ट झाल्यास, सेल तापतो. त्या उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वेग घेते, तिच्यातून आणखी उष्णता निर्माण होते, आणि हे चक्र आवरेनासे होऊन शेजारचे सेलही पेटतात. हे टाळण्यासाठी बॅटरीत 'बीएमएस' नावाचे एक इलेक्ट्रॉनिक पाटीसारखे मंडल असते, जे सेलच्या दाबावर लक्ष ठेवते आणि मर्यादा ओलांडली जाताच प्रवाह तोडते. तेव्हा धोक्याच्या जागा मोजक्या आहेत: हलक्या दर्जाचे किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल, बीएमएसचा अभाव, आणि न जुळणारा चार्जर. यांतली तिसरी जागा फारशी कोणी सांगत नाही. दहा सेल एकापुढे एक जोडलेली लिथियम-आयन बॅटरी आणि बारा सेल जोडलेली लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी, दोन्ही दुकानात '३६ व्होल्ट' म्हणूनच विकल्या जातात. पहिलीचा चार्जर ४२ व्होल्टला थांबतो, दुसरीचा ४३.८ व्होल्टला. दुसरीचा चार्जर पहिलीला लावला आणि बीएमएस निकामी असला, तर प्रत्येक सेल ४.३८ व्होल्टपर्यंत ढकलला जातो. ही चूक करायला रूपांतर करावे लागत नाही. तयार गाडीचा चार्जर हरवल्यावर नाक्यावरून कसलाही चार्जर आणणारा गृहस्थही ती तितक्याच सहजपणे करतो.

न्यूयॉर्क शहराचे उदाहरण टीकाकार आवर्जून देतात. तेथे २०२३ साली लिथियम बॅटरीच्या आगींत १८ जण दगावले, हे खरे आहे. पण त्या शहराने उत्तर काय दिले, ते सांगण्याआधीच हे टीकाकार थांबतात. न्यूयॉर्कने त्याच वर्षी प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीला आणि वापरलेल्या बॅटऱ्यांमधून काढलेले सेल जोडून नवी बॅटरी तयार करण्याला मनाई केली. धोका जिथे होता तिथे बोट ठेवले गेले. माणसांना पाना हातात धरायला बंदी झाली नाही. स्वस्तात सुरुवात करू पाहणाऱ्याने यातून घ्यायचा धडा अगदी सरळ आहे. बॅटरी स्वतः जोडायची नाही. ती बीएमएससह, तिच्यासाठीच बनवलेल्या चार्जरसह आणि चाचणीच्या प्रमाणपत्रासह तयार विकत घ्यायची. स्वयंपाक करणारा माणूस गॅसची टाकी घरी वेल्डिंग करून बनवत नाही, म्हणून त्याचा स्वयंपाक त्याचा नाही असे कोणी म्हणत नाही. थोडे अधिक वजन आणि थोडी अधिक जागा देण्याची तयारी असेल तर लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकार निवडावा, कारण तो अधिक तापमान सोसतो, आणि चार्ज करण्याचे सुमारे ५०० ते ८०० फेरेच झेपणाऱ्या साध्या लिथियम-आयन बॅटरीपेक्षा बराच अधिक टिकतो. चार्जिंग जाग्या माणसाच्या नजरेसमोर करावे, आणि घराबाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर कधीही करू नये.

दुसरा आक्षेप गुंतागुंतीचा. हे काम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी किटची पेटी उघडून पाहिलेली नसते. तिच्यात मोटर बसवलेले आणि तारा ताणलेले एक चाक असते. प्रवाहाची मात्रा ठरवणारा कंट्रोलर असतो. पायडल फिरते आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर असतात, आणि हे सारे जोडणाऱ्या, रंग व आकार जुळल्याखेरीज एकमेकांत न बसणाऱ्या पिना असतात. मोटरला जाणाऱ्या तीन जाड तारा तिला फिरवतात आणि बारीक तारा आतल्या तीन हॉल सेन्सरकडून, म्हणजे चुंबकाची स्थिती ओळखणाऱ्या घटकांकडून, चाक कोठे आहे याची खबर कंट्रोलरला देतात. विजेच्या बाजूचे काम जवळपास एवढ्यावर संपते. ज्या देशात दहावी नापास मुलगा मोबाईलची पाटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दुरुस्त करतो, तिथे सहा पिना जोडणे सामान्य माणसाच्या कुवतीबाहेरचे ठरवायला कमालीचा आत्मविश्वास लागतो.

खऱ्या अडचणी निराळ्याच आहेत आणि गंमत अशी की टीकाकारांना त्या ठाऊकच नसतात. भारतीय बनावटीच्या जुन्या २८ इंची सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात, तर बाजारातील बहुतेक हब मोटरींना ३६ भोके असतात. त्यामुळे जुनी रिम आणि नवी मोटर यांचे लग्न लागत नाही. शिवाय त्या सायकलीचे दांड्याचे ब्रेक पावसात पायी चालणाऱ्याच्या वेगालाही पुरेसे वाटत नाहीत, मग मोटरच्या वेगाला कोठून पुरणार? म्हणून सुरुवातीला २६ इंची चाकांची, लोखंडी चिमट्याची आणि रिमला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या व्ही-ब्रेकची सायकल घ्यावी. किटमधले तयार चाक तिला सरळ बसते. चिमटा लोखंडीच का, यालाही कारण आहे. मोटर चाकाला ज्या जोराने पुढे फिरवते त्याच जोराने स्वतःच्या आसाला उलट फिरवू पाहते. लहान मोटरचा पिळाचा जोर ४० न्यूटन-मीटर धरला, तर आसाच्या १० मिलिमीटर रुंदीच्या चपट्या बाजूंमधून चिमट्याच्या खाचेवर सुमारे ४०० किलो वजनाइतका ताण येतो. ॲल्युमिनियमची खाच अशा ताणाखाली उघडते, आस निसटतो आणि चाक चालत्या सायकलीतून बाहेर येते. यावरचा उपाय म्हणजे 'टॉर्क आर्म', म्हणजे आसावर घट्ट बसणारी आणि दुसऱ्या टोकाला चिमट्याशी बांधलेली पोलादी पट्टी. तिची लांबी १० सेंटीमीटर असली तर तिच्या टोकाला झेलायचा जोर ४०० वरून ४० किलोवर येतो. ही पट्टी गल्लीतला वेल्डर जाड पत्र्यातून तासाभरात कापून देतो. पावसाळ्यात पाणी तारेवरून ओघळत जोडणीत शिरते, म्हणून प्रत्येक तारेला जोडणीच्या आधी खाली झोळ ठेवायचा आणि कंट्रोलरच्या तारा खालून बाहेर काढायच्या. चाकाचा आउट काढणे, बेअरिंग बसवणे, ब्रेक जुळवणे ही उरलेली कामे सायकल दुरुस्त करणारा कारागीर आयुष्यभर करत आला आहे. या सबंध उद्योगातले अवघड ज्ञान त्याच्या हातात आधीपासून आहे, आणि त्यालाच अडाणी ठरवून विषय संपवला जातो.

यापुढे हिणवण्याचा एक प्रकार येतो: २५० वॉटची मोटर म्हणजे खेळणे. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल चालवायला साधारण १०० वॉट शक्ती लागते, आणि धडधाकट माणूस तेवढी शक्ती दम लागेपर्यंत देऊ शकतो. चढावर चित्र पालटते. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो वजन असेल आणि रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढत असेल, तर ताशी १५ किलोमीटर वेग राखायला सुमारे २६० वॉट लागतात. नेमका हाच फरक मोटर भरून काढते. कात्रजकडे चढणाऱ्या रस्त्यावर किंवा कोल्हापूर, रत्नागिरीच्या उंचसखल वस्त्यांत सायकल सोडून देण्याचे कारण सपाट रस्ता कधीच नव्हता. गर्दीच्या वेळी पुण्यामुंबईत मोटारी ज्या गतीने सरकतात ती पाहता, ताशी २५ किलोमीटरची मर्यादा कोणाला अपमानास्पद का वाटावी, हे कोडेच आहे. उलट, सायकलीला १००० वॉटची मोटर लावून ताशी ६० किलोमीटरच्या बढाया मारणारे हौशी लोक या चळवळीचे सर्वांत मोठे शत्रू आहेत. सायकलीचा चिमटा आणि ब्रेक त्या वेगासाठी बनलेले नसतात, आणि त्यांच्या पराक्रमाचा दंड शांतपणे कामावर जाणाऱ्याला भरावा लागतो.

कायद्याचा धाक घालणाऱ्यांनी कायदा वाचलेला असेल, अशी अपेक्षा ठेवणे रास्त आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाच्या व्याख्येतच अपवाद नोंदवलेला आहे: ज्या सायकलीच्या पूरक मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आहे, जिची मोटर वेग वाढत जाताना हळूहळू क्षीण होऊन ताशी २५ किलोमीटरला, किंवा पायडल मारणे थांबताच त्याआधी, बंद पडते, आणि जिला योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक आहे, ती मोटार वाहन मानली जात नाही. मोटार वाहन नाही म्हणजे नोंदणी नाही, परवाना नाही. या अटींची खातरजमा मान्यताप्राप्त तपासणी संस्थेने केलेली असावी असेही तो नियम सांगतो, म्हणून किट घेताना विक्रेत्याकडे मोटरचे आणि कंट्रोलरचे चाचणी प्रमाणपत्र मागावे, आणि ते न देणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. ज्या कायद्याने सायकलीच्या मोटरसाठी दार उघडे ठेवले, त्याच्याच नावाने ते बंद असल्याची हाकाटी करणे हा अज्ञानाचा प्रकार आहे की सोयीचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मोटरसायकलीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती वेगळी ठेवणे हेच शहाणपणाचे आहे. तिचे इंजिन काढून मोटर बसवण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केलेली नाही. इंधन किंवा ऊर्जेचा स्रोत बदलण्यासाठी, त्यात बॅटरीचाही नामोल्लेख आहे, विहित अटींनुसार किट बसवण्याची मुभा त्याच कलमाने दिली आहे. किटची चाचणी एआयएस १२३ या मानकाच्या तिसऱ्या भागानुसार पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत व्हावी लागते, ते मान्यताप्राप्त केंद्रातच बसवावे लागते, आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. या अटी टाळून स्वतःच्या आराखड्याने केलेली मोटरसायकल रस्त्यावर आणणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, ओढवून घेते. विम्याचा दावा फेटाळला जाण्याची जोखीम निराळीच. तांत्रिक बाजूही जड आहे. मोटरसायकलीसाठी वापरली जाणारी ७२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ८४ व्होल्टपर्यंत जाते, आणि एकदिश प्रवाहाचा ६० व्होल्टपेक्षा जास्त दाब अंगाला धोकादायक मानला जातो. नवशिक्याने मोटरसायकलीपासून सुरुवात करू नये, एवढे म्हणणे बरोबर आहे. यावरून त्याने सुरुवातच करू नये, हा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्रात बसतो?

मोटरसायकलीच्या मान्यताप्राप्त किटची आणि बॅटरीची एकत्र किंमत नव्या विद्युत स्कूटरच्या किमतीला जाऊन भिडते, असेही दाखवून दिले जाते. आकडा बरोबर आहे. त्याचे कारण मात्र कोणी सांगत नाही. गाडीच्या एकेका नमुन्यासाठी किटची स्वतंत्र चाचणी करून घेण्याचा खर्च मोठा असतो, तो थोड्या ग्राहकांवर वाटला जातो, आणि एकट्या माणसाला तर ती वाट जवळजवळ बंदच असते. ब्रिटनमध्ये हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या एकट्यादुकट्या दुचाकीसाठी 'मोटरसायकल सिंगल व्हेईकल अप्रूव्हल' नावाची तपासणी आहे: वाहन केंद्रावर न्यावे, ब्रेक, दिवे, आवाज, बांधणी तपासून घ्यावी, उत्तीर्ण झाल्यास नोंदणी मिळवावी. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात आरटीओ कार्यालय आहे, ब्रेक तपासणारे निरीक्षक आहेत, सीएनजी किटच्या निमित्ताने कमावलेला अनुभव आहे. उणीव आहे ती सामान्य माणूस काही बनवू शकतो हे मान्य करण्याची.

सायकलीचा हिशेब मात्र कोणत्याही बाजूने मांडला तरी टीकाकाराच्या विरोधातच जातो. २५० वॉटचे किट, ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर बॅटरी आणि चार्जर हे सारे मिळून साधारण २० हजार रुपयांच्या आसपास पडते; दर्जानुसार थोडे मागेपुढे. ३६ ला १० ने गुणले की ३६० वॉट-अवर, म्हणजे एका युनिटाच्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक वीज बॅटरीत मावते. पायडलची साथ असेल तर किलोमीटरला १० ते १५ वॉट-अवर पुरतात, म्हणजे एका चार्जमध्ये २५ ते ३५ किलोमीटर. रोज २० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस मोटरसायकलीवर जाणारा माणूस, लिटरला ५० किलोमीटर धरले तरी, १२० लिटर पेट्रोल म्हणजे १२ हजारांहून अधिक रुपये जाळतो. त्याच ६००० किलोमीटरसाठी सायकलीला चार्जिंगमधली घट धरून सुमारे ९० युनिट, म्हणजे दहा रुपये दर लावला तरी ९०० रुपयांची वीज लागते. बॅटरी वर्षात सुमारे २०० वेळा चार्ज होईल, म्हणजे बरी लिथियम-आयन बॅटरी तीन वर्षे तरी काढील, आणि सारा खर्च दोन वर्षांच्या आत, पहिली बॅटरी संपण्यापूर्वीच भरून निघेल. तेवढेही पैसे हाताशी नसलेल्याने १२ व्होल्टच्या तीन लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर सुरुवात करण्याचा मोह धरू नये असे मात्र सुचवावेसे वाटते. त्या स्वस्त असतात, पण मिळून दहाबारा किलो भरतात, नाममात्र क्षमतेचा मोठा हिस्सा प्रत्यक्षात देत नाहीत आणि लवकर मरतात.

वीज कोळशाची असते, म्हणून सारे व्यर्थ, हा युक्तिवाद फार वेळ घेत नाही. लिटरभर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो, म्हणजे वरील मोटरसायकलीच्या वाट्याला किलोमीटरला ४६ ग्रॅम. भारतातील विजेच्या एका युनिटामागे सरासरी ०.७ किलो धरले आणि सायकलीला घटीसह १५ वॉट-अवर लागले, तर किलोमीटरला साडेदहा ग्रॅम होतात. कोळशाची काळजी करणाऱ्यांनी वातानुकूलित दिवाणखान्यातून ती करताना हा आकडा जवळ ठेवावा.

एवढे सगळे आक्षेप गळून पडल्यावर जो उरतो तो कधी उघड बोलला जात नाही. दुरुस्त केलेली, जोडलेली, स्वतः बांधलेली वस्तू ही गरिबीची खूण आणि नवी कोरी वस्तू ही प्रगतीची खूण, असा एक हिशेब मध्यमवर्गाच्या मनात पक्का बसलेला आहे. सरकारी धोरणाची भाषाही याच वळणाची आहे: महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाने लक्ष्य ठेवले ते २०२५ पर्यंत नव्या नोंदणीतील १० टक्के वाहने विजेची करण्याचे, म्हणजे यश मोजायचे ते विक्रीच्या खिडकीवर. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद आहे. ती सायकल या मोजमापात कोठेच येत नाही, कारण ती आधीच विकली गेलेली आहे आणि तिच्यातून पुन्हा कोणाला काही विकता येत नाही. पहाटे पेपर टाकणारा, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, एमआयडीसीत पाळीवर जाणारी कामगार स्त्री यांना लाखाची स्कूटर परवडत नाही, पण २० हजारांचे रूपांतर दोनतीन भिशीच्या हप्त्यांत बसते. त्यांना सुरक्षिततेच्या नावाखाली 'हे तुमच्यासाठी नाही' असे सांगणाऱ्याने त्यांच्यासाठी काय आहे, तेही सांगायला हवे. ते सांगता येत नसेल तर त्याची काळजी त्याने स्वतःपाशीच ठेवलेली बरी.

सुरक्षिततेची खरोखर चाड असलेल्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. आयटीआयमध्ये हब मोटर बसवण्याचा आणि बॅटरी तपासण्याचा लहान अभ्यासक्रम सुरू करण्याची मागणी करावी. एकेका रूपांतरित दुचाकीची तपासणी आरटीओत व्हावी यासाठी परिवहन विभागाकडे पाठपुरावा करावा. वापरलेल्या सेलच्या बॅटऱ्या नव्या म्हणून विकणाऱ्यांवर कारवाई करायला लावावी. आणि ज्यांच्या जिन्याखाली २६ इंची लोखंडी सायकल गंजत पडली आहे त्यांनी कोणाच्या परवानगीची वाट न पाहता आधी तिचे ब्रेक नवे करावेत, मग प्रमाणपत्र असलेले किट आणि तयार बॅटरी घ्यावी, टॉर्क आर्म बसवून पुढचे चाक बदलावे, आणि मोटरसायकलीला हात लावण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा त्या सायकलीवर काढावा.